डावीकडून काय येतंय

नव्या राज्यात राहायला आलो तेव्हा गाडीला नवा नंबर आधी मिळाला आणि स्वयंपाकघरातल्या नळाला तोटी नंतर. मी बादलीतल्या पाण्याने भांडी विसळत होते आणि आमचे मिस्त्री फाटकाशी उकिडवे बसून नव्या नंबर प्लेटचे स्क्रू पिळत होते. पिळण्याआधी प्रत्येक स्क्रूला तेलाचा थेंब. मी खिडकीतून ओरडले, "अहो, नळ!" तर म्हणाले, "नळ कुठे जातोय?"

मिस्त्री म्हणजे माझा नवरा. शिलाई मशीन दुरुस्त करतात. जुन्या गावात सगळे त्यांना मिस्त्रीच म्हणत, आणि मीही म्हणते, विशेषतः डोकं तापलेलं असलं की. माझं डोकं लवकर तापतं. त्यांचं तापतच नाही, म्हणून घरातलं दोघांचं तापणं मला एकटीला बघावं लागतं.

आम्ही आलो मुलीसाठी. मुलीला विचाराल तर ती सांगेल, आई-बाबांचं वय झालं, त्यांना जवळ आणलं. आम्हाला विचाराल तर आम्ही सांगू, पोर एकटी राहते, तिच्या सोबतीला आलो. दोन्ही बाजूंनी उपकार केल्याचं समाधान आहे, त्यामुळे भांडण होत नाही. ती पलीकडच्या गल्लीत राहते, बँकेत काम करते, आणि तिला वाटतं की आम्ही आता फक्त चहा प्यावा आणि संध्याकाळी फिरायला जावं.

पण मिस्त्रींना हाताला काम लागतं. आणि त्यांच्या कामाला गाडी लागते. मशीनचं डोकं किती जड असतं हे ज्याने उचललंय त्यालाच कळेल. ते मांडीवर घेऊन बसने कोणी जात नाही. आमची गाडी जुनी, मागची सीट काढून तिथे लाकडी फळी टाकलेली, फळीवर हत्यारांची पेटी, बॉबिनचे डबे, पट्टे, आणि तेलाचा वास. मागे एका कडेला एक माणूस बसेल एवढी जागा ठेवली आहे, तीही मीच भांडून ठेवून घेतली.

कामाला आम्ही दोघं जातो. हे दुरुस्त करतात आणि मग मी मशीनवर बसून टाका घालून बघते. खरं तर ठरवून असं काही केलं नव्हतं. लग्नानंतर पहिल्यांदा मी नुसती सोबत म्हणून गेले होते, आणि त्यांनी दुरुस्त केलेल्या मशीनचा टाका मला खालून सैल वाटला. मी तसं बोलले. त्या घरची बाई हसली, मिस्त्रींनी मात्र मुकाट्याने पुन्हा स्क्रूड्रायव्हर उचलला. तेव्हापासून माझ्या "हं" शिवाय त्यांनी एकही मशीन गिऱ्हाइकाच्या ताब्यात दिलेलं नाही.

तर गाडी. मिस्त्रींनी इथे आल्या आल्या गाडीच्या मागे लागून नव्या राज्याचं रजिस्ट्रेशन करून घेतलं. सोपं नव्हतं ते. विमा कंपनी म्हणे, आधी इथला नंबर आणा, मग पॉलिसीवर इथला पत्ता घालू. वाहनांच्या ऑफिसात म्हणे, आधी इथल्या पत्त्याची पॉलिसी आणा, मग नंबर देऊ. मी असते तर दोन्हीकडे जाऊन आरडाओरडा करून आले असते. मिस्त्रींनी विमावाल्यांना फोन लावला, स्पीकर चालू करून टेबलावर ठेवला आणि तिकडून गाणं वाजत असताना एक अख्खं मशीन उघडून साफ करून परत जोडलं. पलीकडे माणूस आला तेव्हा त्याला शांतपणे म्हणाले, "साहेब, तुम्ही दोघं एकमेकांना फोन करा ना. मी थांबतो." आणि काय आश्चर्य, झालं काम.

नंबर झाला, विमा झाला. ब्रेक तपासून घेतले, धूर तपासून घेतला, मागचा एक दिवा अधूनमधून डोळा मिचकावायचा तोही बदलला. गाडी कागदोपत्री या राज्याची लेक झाली. मिस्त्री खूश. मीही खूश, कारण तोपर्यंत नळाला तोटी बसली होती.

कामही मिळायला लागलं होतं. शाळेचे गणवेश शिवणारा एक कारखाना आहे गावाबाहेर. लांबच लांब हॉल, खिडक्यांखाली ओळीने मशीन, आणि हवेत कापडाचा भुगा. तिथल्या मालकीणबाईंनी मिस्त्रींचा हात एकदा बघितला आणि सगळ्या मशीनची देखभाल त्यांना देऊन टाकली. अट एकच: शाळा उघडण्याआधीच्या गर्दीत बोलावलं की यायचं, दोन दिवसांनी नाही. मिस्त्री म्हणाले, "बाई, गाडी दारात उभीच असते." त्या दिवशी परतताना ते शीळ घालत होते. हा माणूस शीळ घालतो हे मी विसरूनच गेले होते.

आणि मग आम्ही रजिस्ट्रेशनचं कार्ड घ्यायला ऑफिसात गेलो.

खिडकीपलीकडे एक क्लार्कबाई होत्या, सर्दीने बेजार, टेबलावर रुमालांचा ढीग. त्यांनी कार्ड काढलं, सही घेतली आणि सहज विचारलं, "गाडी कोणी चालवत आणली?"

"मी," मिस्त्री म्हणाले.

"लायसन्स बघू."

मिस्त्रींनी पाकिटातून लायसन्स काढून मोठ्या रुबाबात खिडकीत सरकवलं. बाईंनी ते उलटंपालटं केलं.

"हे तिकडचं आहे."

"हो. पण अजून बरीच वर्षं चालेल."

"तिकडे चालेल," बाई म्हणाल्या आणि शिंकल्या. "या राज्याचा नियम वेगळा आहे. इथे राहायला आल्यावर ठरलेल्या मुदतीत बदलून घ्यायचं असतं. मुदतीत आला असता तर कार्डाला कार्ड दिलं असतं. आता मुदत उलटली. आता लेखी परीक्षा, डोळे, आणि गाडी चालवून दाखवायची. नवशिक्यासारखं सगळं."

"पण मी सगळं मुदतीत केलं की हो. नंबर, विमा..."

"ते गाडीचं केलंत, काका. तुमचं केलं नाहीत."

मी कपाळाला हात लावला. अगदी खरं होतं. हाच तो माणूस, जो दुसऱ्याच्या मशीनची सुई बोथट झालेली आवाजावरून ओळखतो आणि स्वतःच्या चष्म्याची काडी दोऱ्याने बांधून फिरतो. गाडीला नवीन दिवा आणला आणि स्वतःचं लायसन्स पाकिटात तसंच.

"आणि परत जाताना तुम्ही चालवू नका," बाईंनी बजावलं. "आता काही झालं ना, तर तो विमा म्हणजे नुसता कागद."

मुलीला फोन करून बोलावलं. ती बँकेतून तशीच आली, गळ्यात ओळखपत्र लोंबत होतं. गाडी तिने घेतली, मी नेहमीप्रमाणे तिच्या डावीकडे बसले आणि मिस्त्री मागे पेटीशेजारी अंग चोरून बसले, दुसऱ्याच्या गाडीत बसल्यासारखे. ऑफिसाच्या फाटकातून मोठ्या रस्त्याला लागताना मी म्हणाले, "डावीकडून मोकळं. घे."

"आई, मला दिसतंय," मुलगी म्हणाली.

मला जरा लागलं ते. पण तेव्हा मी त्यावर फार विचार केला नाही.

लेखी परीक्षेत मिस्त्रींचं एकही उत्तर चुकलं नाही. डोळेही पास, चष्म्याची काडी मात्र नवी बसवायला लावली. राहिली गाडी. त्याची आम्हाला कोणालाच काळजी नव्हती. लग्नाच्या आधीपासून हा माणूस गाडी चालवतोय, आजवर एका कोंबडीलाही धक्का लागलेला नाही. मी तर त्या दिवशी कारखान्याच्या मालकीणबाईंना फोन करून सांगून मोकळी झाले की उद्यापासून येतो.

परीक्षा घेणारे साहेब तरुण होते, इस्त्रीचा शर्ट, हातात कागद अडकवलेली पाटी. ते गाडीत डावीकडे बसले, म्हणजे माझ्या जागेवर. मी आणि मुलगी बाकावर. गाडी गेली आणि फारच लवकर परत आली. मिस्त्री उतरले ते हसत हसतच.

"झालात पास?" मी विचारलं.

"नाही."

कारण त्यांनी रात्री जेवताना सांगितलं, तेही दुसऱ्या कोणाची गंमत सांगावी तसं. गल्लीतून मोठ्या रस्त्यावर निघायचं होतं. मिस्त्रींनी गाडी रेषेवर उभी केली, उजवीकडे बघितलं. उजवीकडून मोकळं होतं. मग ते थांबले. साहेब काही बोलेनात. मिस्त्री थांबले. मागच्या गाडीने हॉर्न वाजवला. साहेब पाटीवर काहीतरी लिहायला लागले. तेव्हा मिस्त्रींनी अगदी सभ्यपणे त्यांना विचारलं, "साहेब, डावीकडून काय येतंय?"

"मग?" मुलीचा घास हातातच राहिला.

"मग ते म्हणाले, ते तुम्ही मला सांगायचं असतं."

मला हसू फुटलं. मुलीला नाही. ती म्हणाली, "बाबा, एक मिनिट. तुम्ही डावीकडे बघत नाही?"

"आई बघते ना."

"कधीपासून?"

मिस्त्री माझ्याकडे बघायला लागले, मी त्यांच्याकडे. मशीनवर वाकून वाकून त्यांची मान आखडली त्याला खूप वर्षं झाली. डावीकडे ती जेमतेम वळते, आरशापर्यंत. चौक आला की मी डावीकडे बघायचं आणि सांगायचं: थांबा, ट्रक आहे, सायकल जाऊ द्या, मोकळं, घ्या. हे उजवीकडे बघायचे. आम्हाला कधी वाटलंच नाही की यात सांगण्यासारखं काही आहे. टाका मी बघायचा, डावी बाजू मी बघायची. संसार म्हणजे दुसरं काय असतं?

"देवा," मुलगी म्हणाली. "म्हणजे इतकी वर्षं ही गाडी तुम्ही दोघं मिळून चालवत होतात!"

"म्हणूनच कधी ठोकली नाही," मी म्हणाले.

तिने ताट बाजूला सारलं. मग प्रेमाने, अगदी बँकेतल्या आवाजात म्हणाली, "बाबा, खरं सांगू? आता पुरे की. गाडी विकून टाकू. तुम्हाला कुठे जायचं असेल तिथे मी नेईन. सुट्टीच्या दिवशी."

मिस्त्री नुसतं "बघू" म्हणाले आणि उठून हात धुवायला गेले. नळाची तोटी बराच वेळ चालू राहिली. मी या माणसाला ओळखते. काम सुटलं तर हा खुर्चीत बसेल, आणि बसून बसून एक दिवस त्या खुर्चीसारखाच होईल. कोणी झटकलं तर झटकून घेईल, हलवलं तर हलेल. मला भीती वाटली. खरीखुरी. आणि भीती वाटली की मला राग येतो, म्हणून मी मुलीवर खेकसले, "गाडी विकायची भाषा करू नकोस. त्यांना परत परीक्षा देता येते. देतील."

पुढच्या परीक्षेला अवकाश होता. शिकाऊ परवान्यावर चालवायचं तर शेजारी लायसन्सवालं माणूस हवं, म्हणून आधी मुलगी बसली. दोन फेऱ्यांत बाप-लेकीचं बोलणं बंद व्हायची वेळ आली. ती प्रत्येक वळणावर "बाबा!" म्हणून किंचाळायची आणि मिस्त्री ब्रेकवर उभे राहायचे. मग आम्ही गाडी शिकवणाऱ्या एका बाईंना गाठलं. उंचपुऱ्या, केस कापलेले, पाण्याची बाटली सतत हातात. मिस्त्री त्यांना पहिल्या दिवसापासून मास्तरीणबाई म्हणायला लागले.

मास्तरीणबाई डावीकडे बसल्या, मी मागे, पेटीशेजारी. त्यांनी मला आधीच सांगितलं, "काकू, तुम्ही एक शब्दही बोलायचा नाही."

"छे, मी कशाला बोलते," मी म्हणाले.

पहिल्या चौकात मी खरंच बोलले नाही. डावीकडून एक दूधवाला येत होता, मी मूग गिळून बसले. मिस्त्री बरोबर थांबले. दूधवाला गेला, मिस्त्री निघाले. मला कौतुक वाटलं. मास्तरीणबाईंना वाटलं नाही.

"काका, तुम्ही डावीकडे बघितलंच नाहीत. तुम्ही आरशात बघितलंत. काकूंच्या तोंडाकडे."

मिस्त्री लाजले. मी दुसऱ्या चौकापासून तोंड पदराने झाकून घेतलं. तर म्हणे आता माझ्या पर्सच्या चेनचा आवाज ऐकून ठरवतात. कोणी येत असलं की मी चेन ओढते म्हणे, मोकळं झालं की सोडते. मला स्वतःला हे माहीत नव्हतं. पर्स पायाशी ठेवली. तिसऱ्या चौकात मी श्वास रोखला आणि गाडी थांबली. मास्तरीणबाईंनी बाटलीतलं पाणी पिऊन घेतलं, आणि मग मागे वळून हात जोडले.

"काकू, तुम्ही घरीच थांबा."

तर मी घरी थांबायला लागले. रोज सकाळी मिस्त्री मास्तरीणबाईंबरोबर जायचे आणि मी खिडकीत. सांगितलं तर हसाल, पण मला त्या बाईंचा मत्सर वाटायला लागला. माझी जागा, माझी खिडकी, माझा आरसा, आणि तिथे ही बाटलीवाली. मिस्त्री परत आले की रोज काहीतरी नवीन सांगायचे. "बाई म्हणतात मानेनं नाही, कमरेनं वळा. खांद्यापासून सगळं वळवलं की मान आपोआप जाते." आणि मग स्वयंपाकघरात स्टुलावर बसून दाखवायचे: कमरेतून डावीकडे, कमरेतून उजवीकडे.

"आणि काय दिसतं डावीकडे?" मी विचारलं.

"पुष्कळ दिसतं गं," ते म्हणाले. "ते वळणावर पिवळं घर आहे ना, त्याला गच्ची आहे. मला माहीतच नव्हतं."

ते अगदी आनंदाने म्हणाले. इतकी वर्षं अर्धा रस्ता या माणसाने माझ्या तोंडून ऐकला होता. आता त्याला तो स्वतःला दिसत होता. चांगलीच गोष्ट होती. मी मनापासून सांगते, मला आनंद झाला. आणि रागही आला, कारण त्या गच्चीबद्दल मी त्यांना कितीतरी आधी सांगू शकले असते. कधी विचारलं नाही त्यांनी, एवढंच. मी चहा टाकला आणि त्यात साखर घालायला विसरले. त्यांनी तो तसाच प्यायला.

दरम्यान कारखान्यातून फोन आला. शाळा उघडायच्या होत्या, दोन मशीन टाका सोडत होती. मालकीणबाई गोडच बोलल्या, पण बोलण्याचा अर्थ गोड नव्हता: पुढच्या मंगळवारी नाही आलात तर दुसरा माणूस बघते. परीक्षा त्याच्या आदल्या दिवशी होती. मिस्त्रींनी फोन ठेवला आणि स्टुलावर जाऊन बसले. कमरेतून डावीकडे. कमरेतून उजवीकडे. त्या दिवशी शीळ नव्हती.

परीक्षेला मास्तरीणबाईंनीच गाडी नेली. मी मागे, पर्स पायाशी, तोंड बंद. ऑफिसात गेल्यावर तेच साहेब, तोच इस्त्रीचा शर्ट. त्यांनी मिस्त्रींना ओळखलं असावं, कारण त्यांच्या ओठांचा कोपरा जरा हलला. ते माझ्या जागेवर बसले, पट्टा लावला आणि पाटी मांडीवर घेतली.

मी बाकावर बसले नाही. फाटकापाशी जाऊन उभी राहिले, जिथून गल्लीचं तोंड दिसतं. परीक्षेचा पहिला चौक तोच. मास्तरीणबाई मागून येऊन शेजारी उभ्या राहिल्या.

आमची गाडी हळूहळू जाऊन रेषेवर थांबली. मला मागची काच दिसत होती आणि काचेतून मिस्त्रींचं टक्कल. उजवीकडून एक टेम्पो गेला. मग उजवी बाजू मोकळी झाली. गाडी उभीच.

डावीकडून एक बाई बाबागाडी ढकलत येत होती. "थांबा," मी पुटपुटले. बाबागाडी रस्ता ओलांडून गेली. तिच्या मागून सायकल. "सायकल आहे, जाऊ द्या." सायकल गेली. डावीकडे आता काही नव्हतं, पार त्या पिवळ्या घरापर्यंत. गाडी उभीच. मागे एक गाडी येऊन थांबली होती, तिने हॉर्न दिला. माझा जीव टांगणीला लागला. हाच तो हॉर्न, हीच ती जागा. आता हे साहेबांना विचारणार, डावीकडून काय येतंय, आणि मग घरी येऊन जेवताना गंमत म्हणून सांगणार, आणि मग बघू म्हणून हात धुवायला उठणार. मास्तरीणबाईंनी माझा दंड धरला.

मग काचेतलं ते टक्कल हललं. मान नाही, खांदे. खांद्यांपासून सगळा माणूस डावीकडे वळला, सावकाश, मशीनचं जड चाक फिरावं तसा, आणि साहेबांच्या नाकावरून पलीकडे बघू लागला.

"घ्या," मी म्हणाले. चांगलं मोठ्याने म्हणाले. शेजारचा पहारेकरी दचकला.

गाडी निघाली.

मला माहीत आहे, त्यांना ऐकू गेलं नव्हतं. काचा बंद होत्या, मध्ये अख्खी गल्ली होती. त्यांनी स्वतः बघितलं आणि स्वतः घेतली. मास्तरीणबाई लहान पोरीसारख्या टाळ्या वाजवत होत्या. मी तिथे उभी राहून रडले, थोडंसंच, आणि पदराने डोळे पुसताना वाटलं, बरं झालं मी मागे बसलेली नाही.

पुढचं सगळं, गाडी मागे घेणं, चढावर थांबवणं, मिस्त्रींच्या हातचा मळ. परत आले तेव्हा साहेबांनी खिडकीतून पाटी दाखवली आणि म्हणाले, "काका, या वेळी काही विचारलं नाहीत मला?"

"तुम्ही सांगत नाही, काय उपयोग," मिस्त्री म्हणाले.

साहेब खळखळून हसले. सर्दीवाल्या क्लार्कबाईंनी, आता सर्दी नव्हती, नवीन लायसन्स खिडकीतून दिलं. फोटोत मिस्त्री पकडलेल्या चोरासारखे दिसतात. पण इथलं आहे. नंबर इथला, विमा इथला, माणूस इथला. मी मुलीला फोन केला तर ती पलीकडून इतकी ओरडली की बँकेत सगळ्यांना कळलं असणार. "गाडी विकायची नाही ना मग?" मी मुद्दाम विचारलं. "आई, गप्प बस," ती म्हणाली आणि तिचाही आवाज ओला झाला.

मास्तरीणबाईंची आणखी एक शिकाऊ मुलगी तिथेच परीक्षेला आली होती, त्या तिच्याकडे गेल्या. जाताना मला म्हणाल्या, "काकू, आता बसा तुमच्या जागेवर." मला त्या बाईंबद्दल एकदम माया वाटली. मत्सर पाण्याची बाटली घेऊन निघून गेला.

मी पुढे बसले. सीट मागे सरकवलेली होती, मी ती पुढे ओढून घेतली. पट्टा लावला, पर्स मांडीवर घेतली. मिस्त्रींनी चावी फिरवली, गाडी फाटकातून बाहेर आली आणि गल्लीच्या तोंडाशी रेषेवर थांबली.

मी गप्प बसले. ठरवलंच होतं. आता त्यांना सगळं दिसतं, आता मी रस्त्याकडे बघेन, गच्च्या बघेन, झाडं बघेन. आयुष्यात पहिल्यांदा गाडीत नुसती बसेन.

उजवीकडून मोकळं होतं. डावीकडूनही मोकळं होतं. गाडी उभी.

"काय हो?" मी म्हणाले. "बंद पडली की काय?"

"नाही."

"मग?"

"तू काही बोलली नाहीस."

"आता तुम्हाला दिसतं ना सगळं?"

"दिसतं," मिस्त्री म्हणाले. त्यांनी स्टिअरिंगवर बोटं वाजवली. "मघाशी बघितलं की मी. पण मघाशी शेजारी साहेब होते. त्यांच्याबरोबर बघावंच लागतं."

मी खिडकीकडे तोंड फिरवलं, कारण माझ्या तोंडाकडे बघून हा माणूस काय काय ओळखतो ते मला आता माहीत होतं. पलीकडून एक सायकलवाला येत होता, पिशव्या लटकवून, डुलत डुलत.

"सायकल जाऊ द्या," मी म्हणाले.

सायकल गेली.

"हं. मोकळं. घ्या."

मिस्त्रींनी गिअर टाकला. आणि मग, टाकल्यावर, कमरेतून सावकाश वळून माझ्या नाकावरून पलीकडे एकदा बघून घेतलं.

"म्हणजे माझ्यावर विश्वास नाही?" मी तापले.

"आहे ना," मिस्त्री म्हणाले आणि गाडी मोठ्या रस्त्याला घेतली. "पण लायसन्स एकट्याच्या नावावर आहे."

पिवळ्या घराच्या वळणावर ते शीळ घालायला लागले. उद्या सकाळी कारखान्यात दोन मशीन होती, आणि टाका मला बघायचा होता.